आपली गाडी, आपले हात, घरचेच पान्हे



घरखर्चाचा विचार करताना आपण किराणा, शाळेची फी, औषधपाणी हे सगळे वहीत मांडतो. दारात उभा असलेला एक खर्च मात्र बऱ्याचदा वहीच्या बाहेरच राहतो. तो म्हणजे मोटारसायकल. आज तिच्याविषयी बोलू या.

आपल्या वस्त्यांत मोटारसायकल आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. कोणी तिच्यावरून पहाटे पेपरची लाइन टाकतो, कोणी दिवसभर पार्सले पोचवतो, कोणी रंगाचे डबे बांधून साइटवर जातो, कोणी एमआयडीसीतली रात्रपाळी करून घरी परततो. गाडी बंद पडली की त्या दिवसाचा रोज बुडतो. त्यातून ती हप्त्यावर घेतलेली असली, तर रोज बुडाला म्हणून हप्ता थांबत नाही. म्हणजे गाडीची देखभाल हा सरळसरळ आपल्या चुलीचा प्रश्न आहे.

गॅरेजमध्ये आपण ज्या कामांचे पैसे मोजतो त्यांतली बरीचशी कामे साधी असतात. हवा, ऑइल, चेन, ब्रेक, प्लग, फिल्टर, वायरी आणि बॅटरी ही आठ कामे कोणीही समंजस माणूस घरी शिकू शकतो. त्यासाठी गाडी उचलणारा रॅम्प लागत नाही, हवेवर चालणारी पान्ह्यांची बंदूक लागत नाही, की हजारो रुपयांची हत्यारपेटी लागत नाही.

हे शिकण्यामागे पैशाइतकेच महत्त्वाचे दुसरेही कारण आहे. यंत्राचे ज्ञान आपल्या माणसांपासून जाणूनबुजून दूर ठेवले गेले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळे. पण तेथे धोट्यात दोरा घालताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालणार नाही, या कारणाने आपल्या लोकांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. तेथेही बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, रेल्वेच्या कारखान्यात मेकॅनिकची जागा त्याला क्वचितच मिळते. अंगमेहनतीची कामे आपल्या माथी, आणि हात व डोके दोन्ही लागणारे काम दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. म्हणून आपल्या मुलामुलींनी हातात पान्हा धरून यंत्र समजून घेणे यात कमीपणा काहीच नाही. जे दार आजोबा-पणजोबांना बंद होते, त्यातूनच आपण आत जात आहोत.

हत्यारे कोणती?

आधी सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमध्ये पाहा. गाडीबरोबर मिळालेल्या छोट्या पिशवीत प्लगचा पान्हा, एक-दोन पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर असतो. पुष्कळ जण ती पिशवी कधी उघडतही नाहीत. तिच्यात १० ते १७ नंबरपर्यंतचे चांगल्या लोखंडाचे दोन-तीन रिंग पान्हे आणि एक पकड, एवढी भर घाला. स्वस्तातला पान्हा नटावर घसरतो, नटाचे कोपरे गोल करतो आणि मग तो नट कापून काढावा लागतो. म्हणून पान्हे थोडे घ्या, पण बरे घ्या.

बाकीचे सामान घरातच असते. जुना टूथब्रश, फाटक्या बनियनच्या चिंध्या, मुलांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी, तेलाचा आडवा कापलेला रिकामा कॅन, दुधाची धुतलेली पिशवी आणि सायकलचा पंप. गाडीबरोबर आलेली माहिती पुस्तिका हेही एक हत्यारच समजा. खाली दिलेले आकडे १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्यांचे साधारण आकडे आहेत. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि तोच प्रमाण मानावा.

हवा आणि ऑइल

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. पुढच्या चाकात साधारण २५ आणि मागच्या चाकात एकट्यासाठी २८ पीएसआय हवा लागते. मागे माणूस बसणार असेल किंवा ओझे असेल, तर मागची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवावी. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जाते, टायर कडेने झिजतो आणि वळणावर गाडी ओढते. टायरच्या खाचांत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की पावसाळ्याची वाट न पाहता बदलावा.

ऑइल तपासताना गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा आणि आणखी दोन-तीन मिनिटे थांबा. मग ऑइलची कांडी काढून पुसा, पुन्हा आत टेकवा आणि पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत कांडी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, तेही पुस्तिकेत पाहून घ्या.

ऑइल बदलणे घरी सहज जमते. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट काढून जुने ऑइल कापलेल्या कॅनमध्ये घ्यावे, वायसर नवा टाकावा आणि नवे ऑइल पुस्तिकेत सांगितले तेवढेच मोजून ओतावे. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहूनच ऑइल घ्यावे. कारचे उरलेले ऑइल टाकले तर क्लच घसरू शकतो.

खालचा बोल्ट आवळताना विशेष जपा. इंजिनचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असते. पान्ह्याला पाइप लावून जोर केला तर आटे जातात आणि शंभर रुपये वाचवायला गेलेल्याला हजारोंचा फटका बसतो. लहान नटांच्या पान्ह्याचा दांडा मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवावा, मग त्याच आखूड पान्ह्याने मनगटाच्या जोरावर घट्ट करावा. जुने ऑइल गटारात किंवा नाल्यात ओतू नये. ते पाणी आपल्याच वस्तीतून वाहते. कॅनमध्ये भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे.

चेन

गाडीची सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे चेन. सगळीकडून झाकलेल्या कव्हरच्या गाडीत चेन पाहण्यासाठी रबरी बूच असते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि डबल स्टँडवर ठेवून दोन्ही चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करा आणि पट्टीने मोजा. साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल असावी. चाक हाताने फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

चेन पुसायला चिंधी आणि टूथब्रश, थोडे रॉकेल किंवा डिझेल पुरते. पेट्रोल वापरू नये. कोरडी झाल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब सोडावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. एक गोष्ट घरातल्या प्रत्येक मुलाला बजावून सांगा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसायची नाही. चिंधी चेनमध्ये ओढली जाते आणि तिच्याबरोबर बोटेही जातात. चाक नेहमी हातानेच फिरवायचे.

चेन ताणायची असेल तर मागच्या चाकाचा मोठा नट सैल करावा लागतो. काही गाड्यांत त्याच्याजवळ आणखी एक स्लीव्ह नट असतो, तो सैल केल्याशिवाय चाक सरकत नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. शेवटी मोठा नट पूर्ण आवळावा. या नटाला जोर जास्त लागतो. तो पुरेसा आवळला की नाही याची शंका असेल, तर गाडी हळू चालवत जवळच्या मेकॅनिककडे न्यावी आणि त्याच्याकडून खात्री करून घ्यावी. तेथे संकोच नको.

ब्रेक

चेन ताणताना चाक मागे सरकते. त्यामुळे मागच्या ब्रेकची दांडी ओढली जाते आणि ब्रेक चाकाला घासत राहू शकतो. म्हणून चेन ताणली की ब्रेकची चाल पुन्हा पाहायचीच. पायाचा ब्रेक साधारण २० ते ३० मिलिमीटर दबल्यावर पकडायला लागावा. दांडीच्या टोकाचा नट फिरवून ही चाल कमी-जास्त करता येते. नंतर चाक हाताने फिरवून मोकळे फिरते का पाहा, आणि ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का तेही पाहा.

ड्रम ब्रेकच्या बाहेर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण शेवटच्या खुणेला टेकला, तर लायनर संपले. मग नट कितीही फिरवून उपयोग नाही, लायनर बदलायलाच हवेत. तेथे नकली माल घेऊन पैसे वाचवू नयेत. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. ती छातीला घातक असते. ओल्या चिंधीने टिपून घ्या.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस बंधनकारक झाली. ज्या गाडीत पायाचा ब्रेक दाबल्यावर पुढचा ब्रेकही लागतो, तेथे पुस्तिका वाचल्याशिवाय नट फिरवू नये. डिस्क ब्रेकच्या पातळ ऑइलचे कामही शिकलेल्या माणसाकडेच सोपवावे.

प्लग आणि फिल्टर

प्लग इंजिन थंड असताना काढा. आधी भोवतालची माती सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती थेट इंजिनात पडते. प्लगचे टोक पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरेफटक असेल तर इंजिन जास्त तापते आहे.

प्लगच्या दोन टोकांतले अंतर जुन्या गाड्यांत साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडची जाडी सव्वासहाशे मायक्रॉनच्या, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. अंदाज घ्यायला तेवढे पुरते. नव्या गाड्यांत अंतर वेगळे असू शकते, ते पुस्तिकेत पाहावे. अंतर कमी-जास्त करताना फक्त बाहेरचे वाकलेले टोक हळूच हलवावे, मधल्या टोकाला हात लावू नये. प्लग पुन्हा बसवताना आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. नंतर पान्ह्याने नवा प्लग अर्धा फेरा आणि जुना प्लग पाव फेऱ्याहून जास्त आवळू नये.

एअर फिल्टर तीन तऱ्हेचे येतात. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, थोडे ऑइल लावून पिळून बसवावा. कोरड्या कागदाचा असेल तर झटकावा, धुवू नये. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचाही नाही आणि फुंकायचाही नाही, मुदत संपली की बदलायचा.

वायरी आणि बॅटरी

क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. वायरीचा एखादा धागा तुटलेला दिसला की तिचे दिवस भरले असे समजावे. वायर जड चालत असेल, तर वरचे टोक सोडवून दुधाच्या पिशवीचा कोपरा कापा, ती नरसाळ्यासारखी वायरीच्या टोकाला दोऱ्याने बांधा आणि तिच्यात थोडे ऑइल ओता. रात्रभरात ऑइल खाली उतरते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार साचला तर खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि टूथब्रश पुरतो. वायरी सोडवताना आधी उणे, मग अधिक. जोडताना आधी अधिक, मग उणे. कोरडे करून वर थोडे व्हॅसलीन लावा. फ्यूज उडाला तर तेथे तार किंवा चांदीचा कागद लावण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. त्याने वायरिंग जळते, कधी गाडीच पेटते. त्याच नंबरचा फ्यूज टाकावा, आणि तोही पुन्हा उडाला तर वायरिंग तपासून घ्यावे.

हे सारे काम मोकळ्या हवेत करा. चाळीच्या खोलीत, जेथे एका कोपऱ्यात गॅस आणि दुसऱ्या कोपऱ्यात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती जळत असते, तेथे पेट्रोलची बाटली उघडू नये.

कोठे थांबावे?

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी सेन्सर आणि इंजेक्शनची यंत्रणा आली आहे. मीटरवर इंजिनचा दिवा पेटून राहिला तर स्क्रू फिरवून काही साधत नाही, तेथे तपासणीचे यंत्रच लागते. इंजिन, गिअरबॉक्स, चाकाचे बेअरिंग, पुढचे शॉकअप ही कामेही जाणकाराची. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावे आणि बिले जपावीत.

आपण घरी काम केले म्हणून मेकॅनिकची किंमत कमी होत नाही. गॅरेजमध्ये काळ्या हातांनी राबणाऱ्यांत आपलीही कितीतरी मुले आहेत. त्याच्या कामाचे दाम त्याला पुरे द्यावे, घासाघीस करू नये. फरक इतकाच पडेल, की आपण त्याच्याशी समजून बोलू आणि जो फसवणारा असेल त्याला आपल्याला फसवणे जड जाईल. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘इंजिन गेले’ असे कोणी म्हटले तर आधी ऑइलची कांडी आणि प्लग स्वतः पाहायला काय हरकत आहे?

वही ठेवा

मी दिवसभर कारकुनी करणारा माणूस, म्हणून वहीचा आग्रह धरतो. एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. तारीख, मीटरचा आकडा, काय काम केले, खर्च किती, असे चार रकाने आखा. पेट्रोलही त्यातच लिहा. टाकी दर वेळी पूर्ण भरून मधले किलोमीटर लिटरने भागले की खरे अ‍ॅव्हरेज कळते. अ‍ॅव्हरेज एकाएकी घसरले तर हवा, ब्रेक, फिल्टर, प्लग या क्रमाने पाहा. गाडी विकताना हीच वही गिऱ्हाइकापुढे ठेवा, भाव बोलायला सोपे जाईल.

मुली आणि विहार

या कामाला बसताना मुलालाच हाक मारायची ही सवय सोडा. मुलगी कॉलेजला, कामाला स्कूटर घेऊन जाते. रात्री उशिरा रस्त्यात गाडी बंद पडली तर त्रास तिलाच जास्त. स्कूटरला चेन नसते, पण हवा, ऑइल, प्लग, ब्रेक, फ्यूज, बॅटरी हे सारे असतेच. आई-बहिणींनीही हाताला ऑइल लागू द्यावे, ते साबणाने निघते. ज्या मुलामुलींना यात गोडी वाटेल त्यांना आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती करून द्या.

शेवटी मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. भीमजयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून विहारात एक सामायिक हत्यारपेटी ठेवा. रिंग पान्ह्यांचा पूर्ण संच, प्लगचे अंतर मोजायच्या पात्यांचा गेज, हवा मोजायचा मीटर आणि पायाचा पंप, एवढे त्यात असावे. पेटीला कुलूप, किल्ली एकाकडे आणि नेल्या-आणल्याची नोंद वहीत. रविवारी वंदना झाल्यावर तासभर वस्तीतल्याच एखाद्या मेकॅनिक बंधूने चार जणांना शिकवावे, आणि त्याला त्याचे मानधन मंडळाने द्यावे.

१ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलच्या रॅल्या, अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. आपली तरुण मुले लांबलांबून मोटारसायकलींवर येतात, कित्येकदा रात्रीचा प्रवास करून. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीची हवा, ब्रेक, चेन, दिवे आणि ऑइल या पाच गोष्टी विहारापुढेच तपासा. गाडी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असू द्या. ब्रेक लागत नसलेल्या गाडीवर निळा झेंडा बांधून कोणाला रवाना करू नका. गेलेले प्रत्येक लेकरू सुखरूप घरी परत यायला हवे.

जयभीम! नमो बुद्धाय!